दाखला हातात देण्याआधी

जूनमध्ये शाळा भरतात आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत प्रत्येक वर्गातल्या एक-दोन मुलांची नावं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पाठ झालेली असतात. ज्यांनी त्या वर्गावर कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्यांनाही. हा मारतो. ही चावते. हा जागेवर बसतच नाही. तो उलट बोलतो. मग घरी चिठ्ठी जाते. बहुतेक वेळा आईच येते, कामावर खाडा करून. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहते आणि आत गेल्यावर तिला जे ऐकवलं जातं त्याचा मतलब एकच असतो: तुमच्या मुलाचं काहीतरी करा, नाहीतर दाखला घेऊन जा. हे वाक्य आपल्या शाळांमध्ये इतकं रुळलं आहे की ते कायद्याला धरून नाही, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही आणि ऐकणारीला तर ते माहीतच नसतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या १६व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्याची मनाई तशीच ठेवली. १७वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मज्जाव करतं. म्हणजे मारायचं नाही, अपमान करायचा नाही आणि हाकलायचंही नाही, एवढं सगळं कागदावर स्पष्ट आहे.

मग करायचं काय? याचं उत्तर मात्र शिक्षकाला कोणी दिलेलं नाही. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. शिक्षकाच्या हातातली छडी काढून घेतली हे अगदी योग्य झालं, पण तो हात रिकामाच ठेवला. रिकाम्या हाताने चाळीस मुलांपुढे उभा असलेला माणूस मग जे जमेल ते करतो. पोराला व्हरांड्यात उभं करतो, वर्गासमोर टाकून बोलतो, पालकांना बोलावतो आणि शेवटी शाळा बदलायला सुचवतो. मुलाच्या त्रासदायक वागण्यामागचं कारण शोधणं हे शाळेवर बंधनकारक असलं पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी माणसं सरकारने पगार देऊन नेमली पाहिजेत. कारण शोधल्याची लेखी नोंद नसेल तर 'दुसरी शाळा बघा' हे शब्द कुणाच्याही तोंडून निघता कामा नयेत.

कारण शोधणं म्हणजे नेमकं काय, हे एका मुलाच्या बाबतीत सांगते. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. हा मुलगा तालुक्याच्या गावातल्या एका मराठी शाळेत चौथीत होता. त्याची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. तक्रार अशी होती की तो 'विनाकारण' मारतो. शेजारच्याला कोपर मारायचा, पेन्सिलीचं टोक टोचायचा, एकदा त्याने एका मुलीची वही फाडली होती. वर्गशिक्षिका अनुभवी होत्या, मुलांवर जीव असणाऱ्या होत्या आणि अक्षरशः टेकीला आल्या होत्या. त्यांना एकच विनंती केली. दोनशे पानी वहीचं एक पान घ्या, त्यावर तीन रकाने आखा. मारामारीच्या अगदी आधी वर्गात काय चाललं होतं, मुलाने काय केलं, आणि त्यानंतर लगेच काय झालं. आपलं मत लिहायचं नाही, जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच. 'मुद्दाम केलं' असं लिहायचं नाही. 'डाव्या बाजूच्या मुलाला ढकललं' असं लिहायचं.

पंधरवड्याने ते पान आम्ही दोघींनी समोर ठेवलं, तेव्हा 'विनाकारण' हा शब्द आपोआप गळून पडला. जवळजवळ सगळ्या नोंदी मराठीच्या तासाच्या होत्या, तेही प्रकट वाचन चालू असताना. बाई पहिल्या बाकापासून एकेकाला उतारा वाचायला लावत. याचा बाक चौथा. आधीच्या बाकावरचा मुलगा वाचायला उभा राहिला की इकडे धक्काबुक्की सुरू. आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच: बाहेर उभं केलं. म्हणजे त्याची वाचायची पाळी कधी आलीच नव्हती. बाईंनी त्याला जवळ बसवून हळूच वाचायला दिलं, तर साधे शब्द तो कसेबसे लावत होता, पण जोडाक्षर आलं की थांबत होता. 'प्रयत्न' म्हणताना 'पयन' म्हणाला आणि पुस्तकावरून नजर काढून खिडकीकडे पाहायला लागला. चौथीतल्या पोराला चाळीस जणांसमोर 'पयन' म्हणायचं नव्हतं. त्यापेक्षा मारकुटा म्हणून ओळखलं जाणं त्याला परवडत होतं. बाहेर काढणं ही आमच्या लेखी शिक्षा होती, त्याच्या लेखी ती सुटका होती. आणि ज्या वागण्याने सुटका होते ते वागणं वाढतच जातं, यात त्याचा दुष्टपणा कुठे आला?

त्यानंतर केलं ते अगदी साधं होतं. त्याला सर्वांसमोर अचानक उभं करायचं नाही. दुसऱ्या दिवशीच्या उताऱ्यातली चार वाक्यं आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंजवळ बसून वाचायची आणि वर्गात तेवढीच त्याच्या वाट्याला द्यायची. अगदीच नको वाटलं तर पुस्तक उलटं ठेवायचं, बाई समजून पुढच्याकडे जातील. मारलं तर मात्र बाहेर पाठवायचं नाही. ज्याला लागलं त्याला आधी जवळ घ्यायचं, मग याला आवाज न चढवता 'मारायचं नाही' सांगायचं आणि काम अर्धवट राहिलं असेल तर ते पूर्ण करून घ्यायचं. वही फाडली त्या मुलीला त्याने नवी वही आणून दिली आणि फाटलेल्या पानावरचं लिखाण तिने सांगितलं तसं उतरवून दिलं. मारामारी लगेच थांबली नाही. पहिल्या आठवड्यात तर वाढली. नंतर कमी होत गेली. वर्षअखेरीस तो वाचायला लागला होता पण हळू, आणि अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जड जाण्याच्या, तपासणीसाठी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं अजून बाकीच होतं. वडिलांना तेवढी रजा मिळत नव्हती.

ही पद्धत काही माझी नाही. वागण्याच्या आधीचं आणि नंतरचं टिपून ठेवून त्याचा हेतू ओळखणं ही वर्तनशास्त्रातली कित्येक दशकांची जुनी रीत आहे. मूल जे करतं त्यातून त्याला बहुधा चारांपैकी काहीतरी मिळत असतं: नको असलेल्या गोष्टीतून सुटका, कुणाचं तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, किंवा शरीरालाच हवी असलेली एखादी संवेदना. एकाच वागण्याची कारणं दोन मुलांत वेगवेगळी असतात. एकजण वर्गात ओरडतो कारण बाईंनी आपल्याकडे पाहावं, दुसरा ओरडतो कारण पंख्याचा खडखडाट आणि पोरांचा गलका त्याला सहन होत नाही. पहिल्याकडे दुर्लक्ष करून तो शांत असताना लक्ष दिलं तर फरक पडेल. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर ती क्रूरता होईल. सर्वांना एकच उपाय लावणारी शाळा म्हणूनच सतत हरते.

घरांतही हेच चालू असतं. किराणा दुकानात मूल कुरकुऱ्यांच्या पाकिटासाठी जमिनीवर लोळण घेतं. चारदा आई नाही म्हणते. पाचव्यांदा लोक बघायला लागतात, दुकानदार म्हणतो 'द्या ना ताई, पाच रुपयांचं तर आहे', आणि पाकीट हातात पडतं. मूल त्यातून एवढं शिकतं की चार वेळा लोळून भागत नाही, पाचव्यांदाही लोळायचं असतं. कधी नकार, कधी होकार यामुळे हट्ट जितका चिवट होतो तितका दर वेळी होकार दिल्यानेही होत नाही. आणि ज्या दिवशी घर ठरवतं की आता नाही म्हणजे नाही, त्या दिवसापासून हट्ट आधी वाढतो. आवाज चढतो, पाय आपटणं वाढतं, मग काही दिवसांनी ओसरू लागतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून बहुतेक घरं नेमकी त्या वाढीच्या दिवसांत माघार घेतात आणि 'आमच्याकडे काहीच चालत नाही' अशा निष्कर्षाला येतात. एखादी आजी हे न शिकता जाणते. नातू रडत असताना ती शांतपणे भाजी निवडत बसते आणि तो हुंदके देत जवळ आला की मांडीवर घेते. दुर्लक्ष रडण्याकडे आहे, नातवाकडे नाही.

हेतू शोधण्याच्याही आधी शरीर तपासायला हवं, आणि तिथे आपण अक्षम्य हयगय करतो. 'सांगितलेलं ऐकत नाही' अशी तक्रार असलेल्या मुलाला खरोखर ऐकू येतं का? सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णात पाणी साठून राहतं, ऐकू कमी येतं, आणि ते कधी कमी कधी जास्त होत असल्याने 'याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं' असं घरचेच म्हणतात. फळ्यावरचं दिसत नसलेलं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि कॉपी करतो म्हणून मार खातं. शरीरात लोह कमी असलेलं मूल चिडचिडं होतं, लवकर दमतं. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या आणि सकाळच्या शाळेला उपाशी येणाऱ्या मुलाचं अकराच्या सुमाराचं वागणं आणि खिचडी खाल्ल्यानंतरचं वागणं, कुणीही दोन्ही पाहावं.

यासाठी योजना नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये फिरती पथकं, आणि जिल्हा पातळीवर शीघ्र निदान व उपचार केंद्रं. ज्या व्याधी शोधायच्या त्यांच्या यादीत दृष्टिदोष आणि श्रवणदोष आहेत, स्वमग्नता (ऑटिझम), अतिचंचलता आणि अध्ययन अक्षमताही आहेत. आखणी चांगली आहे. पण पथक येतं, एका दिवसात अख्खी शाळा उरकतं, ज्या मुलाला पुढे पाठवायचं त्याच्या हातात चिठ्ठी देतं आणि जातं. ती चिठ्ठी जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचायला एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि 'पुन्हा पुढच्या महिन्यात या' ऐकून परत यावं लागतं. आणि ज्या शिक्षकाने त्या मुलाला रोज पाहिलेलं असतं, त्याला पथकातले डॉक्टर चार वाक्यं विचारतील एवढी उसंत त्या दिवशी कुणालाच नसते.

लहान मुलांबद्दल फार लिहीत नाही. दीड ते तीन वर्षांचं पोर आदळआपट करतं, चावतं, कारण त्याला हवं ते सांगण्याएवढी भाषा नसते. आवेग आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. सहा वर्षांच्या मुलाकडून आपण जो संयम मागतो, तो मागणाऱ्या मोठ्यांकडेही त्या क्षणी बऱ्याचदा नसतो.

ज्या गोष्टीवर मला थांबायचं आहे ती वेगळी आहे. कोणाच्या मुलाचं वागणं 'समस्या' ठरतं? पुण्या-मुंबईतल्या महागड्या शाळेत डॉक्टर-इंजिनिअरचा मुलगा शिक्षिकेशी वाद घालतो तेव्हा त्याला आत्मविश्वास म्हणतात. पारधी वस्तीतलं मूल तसंच बोललं तर 'यांच्या रक्तातच आहे' असं म्हटलं जातं. वर्गात पेन हरवलं की पहिलं दप्तर त्याचं तपासलं जातं. इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा केला, आपण १९५२ साली तो रद्द केला, पण त्याची सावली आजही चौथीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तरावर पडते. वर्षभर संशय सोसलेलं मूल एक दिवस बाक लाथाडतं, तेव्हा नोंद फक्त बाकाची होते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचंही तेच. बीडकडून दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर कारखान्यावर गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. मधले महिने फडात, कोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळण्यात गेलेले असतात. परत आल्यावर वर्ग पाच धडे पुढे गेलेला असतो, त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते, आणि पहाटे तीनला उठून कामाला लागलेल्या या पोराला हात पुसून हाताची घडी घालून बसायला सांगितलं जातं. ते बसत नाही. मग 'वांड' हा शब्द चिकटतो. हंगामी वसतिगृहं आहेत, काही शिक्षक जिवाचं रान करून ही मुलं गावात थांबवतात, पण जे थांबत नाहीत त्यांच्या परतीचं काय, याची आखणी शाळेकडे नसते.

आणि ज्या मुलीबद्दल कुणीच तक्रार करत नाही तिच्याकडेही पाहायला हवं. ती शेवटच्या बाकावर गप्प बसते, प्रश्न विचारत नाही, डबा उघडत नाही. तिला 'शहाणी' म्हणतात. तिच्या घरी काय चाललं आहे हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही, कारण तिचा कुणाला त्रास नाही. आपण मुलांच्या दुःखाचं मोजमाप त्यांनी मोठ्यांना दिलेल्या त्रासावरून करतो, ही यातली सगळ्यात गंभीर चूक आहे.

विरोधात जे बोललं जातं ते मी नेहमी ऐकते आणि त्यातलं सगळंच पोकळ नाही. 'आम्ही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?' हे त्यातलं सगळ्यात मोठ्याने बोललं जाणारं आणि सगळ्यात कमजोर. ज्यांचं वाईट झालं ते शाळा सोडून गेले, ते आज आपल्या शेजारी बसून हे वाक्य बोलायला नाहीत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर तीन शाळकरी मुलांपैकी जवळपास दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. माराने सुधारणा होत असती तर त्या हिशोबाने देश सुधारून गेला असता. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली पंच्याहत्तर अभ्यास एकत्र तपासले, त्यांत मिळून १,६०,००० हून जास्त मुलं होती, आणि प्रश्न फक्त 'साध्या' फटक्यांचा होता, जबर मारहाणीचा नाही. फटके खाणारी मुलं जास्त ऐकू लागतात असं त्यात दिसलं नाही. आक्रमकपणा, चिंता, आई-वडिलांशी बिघडलेलं नातं, हे मात्र फटक्यांबरोबर वाढलेलं दिसलं. असे अभ्यास संबंध दाखवतात, फटक्यांमुळेच हे झालं असं पूर्णपणे सिद्ध करत नाहीत, हे मान्य. पण फायद्याच्या बाजूने काहीच सापडत नसेल तर मारणाऱ्याने मारण्याचं समर्थन कशावर करायचं?

दुसरा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. बाकीच्या एकोणचाळीस मुलांचं काय? ज्याला पेन्सिल टोचली त्या मुलाच्या आईने का ऐकून घ्यायचं की मारणाऱ्याला वाचता येत नाही? तिने ऐकून घेऊ नये. तिच्या मुलाला वर्गात सुरक्षित वाटलंच पाहिजे, आणि मारणाऱ्याच्या कारणाचा शोध चालू असताना ज्याला लागलं त्याला दुय्यम ठरवणारी कोणतीही 'समजूतदार' पद्धत मला मान्य नाही. बाक बदला, मोठं माणूस जवळ ठेवा, वेळ पडली तर थोडा वेळ दुसऱ्या खोलीत कुणाच्या तरी सोबतीने बसवा. मुद्दा एवढाच की व्हरांड्यात एकटं उभं करून किंवा शाळेतून घालवून देऊन त्या एकोणचाळीसांची सुरक्षितता साधत नाही. घालवलेलं मूल दुसऱ्या शाळेच्या चौथ्या बाकावर जाऊन बसतं, किंवा कुठेच बसत नाही आणि नाक्यावर उभं राहतं. तिथे त्याला स्वीकारणारे लोक तयारच असतात.

समजून घेणं म्हणजे लाडावणं नव्हे, हेही पुन्हा सांगावं लागतं. ज्या घरांत आणि वर्गांत मूल समजून घेतलं जातं, तिथले नियम उलट जास्त ठाम असतात. नियम थोडे असतात, आधी सांगितलेले असतात, आणि मोठ्यांचा मूड कसा आहे यावर ते बदलत नाहीत. मोडलं तर जोडायला मदत करायची, सांडलं तर पुसायचं, दुखावलं तर भरपाई करायची. हे मार खाण्यापेक्षा मुलाला कठीण जातं. मार खाल्ला की हिशोब मिटतो.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं आणि मुलांना दोष देण्याऐवजी पाड्यावर, त्यांच्या अंगणात बालवाडी नेली. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत नसतात, तर जिथे गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरवली. मुलाच्या वागण्याला कारण आहे, आणि ते कारण बदलायची जबाबदारी आधी मोठ्यांची आहे, हे त्यांनी भाषणात सांगितलं नाही, चालून दाखवलं. त्या कामाचं कौतुक म्हणून आपण पद्म पुरस्कार दिले. त्यांची रीत मात्र आपल्या डी.एड.च्या वर्गांमधून प्रत्यक्ष शाळेपर्यंत फारशी पोचू दिली नाही.

आजच्या शिक्षकाकडून हे सगळं मागणाऱ्यांनी त्याचा दिवसही पाहावा. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं कायदा म्हणतो. द्विशिक्षकी शाळेत एकाला तालुक्याला बैठकीला बोलावलं की दुसऱ्यापुढे चार इयत्ता असतात. मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती भरणं, खिचडीचा हिशोब, सर्वेक्षणं. अशा माणसाला 'तीन रकाने भरा' म्हणून निघून जाणं हा अन्याय आहे. माझ्या ओळखीतल्या ज्या शिक्षकांनी हे केलं ते आपल्या वेळेतून केलं. जी गोष्ट चांगुलपणावर चालते ती बदली होताच बंद पडते.

विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक आपल्याकडे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात असतात, अनेक वर्षं कंत्राटावर काम केलेले, आणि एकेकाच्या वाट्याला कित्येक शाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात प्राथमिकला दर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे आणि माध्यमिकला दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सर्वसमावेशक शिक्षण आणि गरजेनुसार सोयी ही मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी ठरवतो, आणि स्वमग्नता व अध्ययन अक्षमता दोन्ही त्या कायद्यात येतात. तरीही शहरांतल्या कित्येक खासगी शाळा 'तुमच्या मुलाला शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी मदतनीस, लागेल, तिचा पगार तुम्ही द्या' असं पालकांना सांगतात. ज्यांना परवडतं ते देतात. ज्यांना परवडत नाही त्यांची फेरी पुन्हा दाखल्यापाशी येऊन थांबते. याच महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती देण्यात १९९०च्या दशकात देशात पुढाकार घेतला होता. दहावीला जादा वेळ देणाऱ्या राज्याने तिसरी-चौथीत ते मूल ओळखायची सोय का करू नये?

माझी मागणी मोठ्या योजनेची नाही. दर केंद्राला, म्हणजे जवळपासच्या दहाएक शाळांच्या गटाला, एक कायमस्वरूपी समुपदेशक द्या, ज्याला दुसरं कोणतंही काम दिलं जाणार नाही. त्याने आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक शाळेत वर्गात मागे बसावं, शिक्षकाबरोबर तो तीन रकान्यांचा कागद भरावा आणि आरोग्य पथकाच्या चिठ्ठीचा पाठपुरावा स्वतः करावा, मुलाच्या आईवर न सोडता. मुलाबद्दल तक्रार आली की आधी तो कागद भरावा, मग वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, समुपदेशक आणि आई-वडील, दोघेही, एका टेबलाशी बसावेत. हा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे नेऊ नये, कारण गावात मुलाचं नाव बदनाम होतं आणि मग ते कायम मागे लागतं. कान, डोळे, वाचन आणि घरची परिस्थिती या चार गोष्टी पाहिल्याची नोंद त्या कागदावर असल्याशिवाय मुख्याध्यापकाने पालकांना बोलावणंसुद्धा धाडू नये. आणि खासगी असो वा सरकारी, सत्राच्या मध्येच एखाद्या मुलाचा दाखला निघाला तर त्याचं कारण गटशिक्षणाधिकाऱ्याने पालकांना फोन करून स्वतः विचारावं. अर्जावर 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलेलं असलं तरी.